गणतीतलं तिसरं नाव

भिंतीवरच्या पडद्यावरची, कुत्र्याच्या वजनाची रेघ बावीस दिवस सारखी खाली उतरत आली होती. डॉ. तस्नीम शेख यांनी तिच्या टोकावर बोट ठेवलं.

“आला तेव्हा सोळा किलो. आज साडेबारा. दहाच्या खाली गेला तर तिळ्या पुन्हा उठायचा नाही. आपल्याकडे आठवडा आहे, फार तर दहा दिवस.”

विनतासमोर टेबलावर एकपानी संमतीपत्र होतं : ‘गंधखूण पुसणे’. खाली पुसायचं नाव छापूनच आलं होतं, पुंडलिक खानझोडे. तिच्या बाबांचं. सही तेवढी करायची होती, आणि गेल्या पाऊण तासात तिनं पेनाचं टोपणही काढलं नव्हतं.

“पाणी तं पिते ना?” मोटघऱ्यांनी विचारलं. नागपूरच्या या गृहश्वान संशोधन केंद्रात ते कुत्र्यांचे शिक्षक होते. माणसांशीही त्याच ठाम, समजावणीच्या आवाजात बोलत.

“पितो,” विनता म्हणाली. “पण वाटी घराच्या दाराशी ठेवावी लागते. तिथून हलत नाही.”

“मंग! वाट पाहून राहिला ना, ताई. त्याच्या गणतीतलं एक माणूस आलंच नाही घरी.”

आठ महिन्यांपूर्वी याच खोलीत, याच खुर्चीत बाबा बसले होते. हृदयाच्या डॉक्टरांनी त्यांना काय सांगितलं होतं ते त्यांनी घरी सांगितलं नव्हतं. ‘कुत्रा घेऊ’ एवढंच म्हणाले होते. घरात माणसं तीन : बाबा, विनता आणि तिची सात वर्षांची जुई. जुईच्या वडिलांचा संसार आता दुसऱ्या देशात, दुसऱ्या बाईशी. जुई चारला शाळेतून येई, विनता पाणी-तपासणी प्रयोगशाळेतून सातला. मधले तीन तास बाबांचे होते. त्या तीन तासांची सोय ते लावत होते, हे विनताला फार नंतर समजलं.

“लॅब्रेडॉरच घेऊ की,” ती तेव्हा म्हणाली होती. “मुलांत रमतो.”

“रमते ना बाप्पा,” मोटघरे म्हणाले. “पोरांत रमते, पाहुण्यात रमते. चोर आला तं त्यालेही चेंडू आणून देते.”

“मग अल्सेशियन?”

“दोन खोल्यांत? शेपटी हलली की एक कप गेला. अन् पळाले नाही भेटलं की दारं कुरतडते. कारवानीले माळरान लागते. पॉमेरेनियन घ्याल तं ते दिवसभर भुंकून भुंकून तुमच्याआधी सोसायटीले वेडं करते.”

मग डॉ. तस्नीमनी ‘राखण्या’ दाखवला. गुडघ्याएवढा, आखूड केसांचा, डोळ्यांत कमालीचा शांतपणा. दख्खनच्या धनगरांच्या कुत्र्यांमधून पंधरा पिढ्या निवडून केंद्रानं ही जात घडवली होती. हा कुत्रा भुंकत नसे, चावतही नसे. तो गणती करी. घरातली माणसं म्हणजे त्याचा कळप. दिवेलागणीला कळप पुरा भरला की तो उंबऱ्यावर आडवा होई आणि सकाळपर्यंत आपलं माणूस बाहेर जाऊ देत नसे. आणि परक्याला आत येऊ देत नसे. दाराच्या फटीतून वास आला की त्याचा निकाल लागलेला असे.

बाबा वीज खात्यातून निवृत्त झालेले. कुठल्याही यंत्राला आधी खोट काढायची सवय. “आणि उद्या कुणी माझा सदरा घालून आला तर?”

“येऊ दे,” डॉ. तस्नीम हसल्या. “काका, कपड्याचा, साबणाचा, खाण्याचा वास हा वरचा थर. तळाशी जो वास असतो तो रक्तातल्या रक्षकपेशी ठरवतात. त्या पेशींवर प्रत्येक माणसाची वेगळी ओळख असते, आणि त्यांचा कारखाना हाडांच्या आत, मज्जेत. साबण बदला, गाव बदला, तो वास बदलत नाही. आम्ही त्याला गंधखूण म्हणतो. एकसारखी जुळी भावंडं सोडली तर दोन माणसांची गंधखूण एक नसते.”

“मज्जेत होय?” बाबा म्हणाले, आणि का कोण जाणे, स्वतःशीच हसले.

त्यानंतर दर सोमवारी ते तिघांचे वापरलेले कपडे पिशवीत घालून केंद्रावर पोचवत. त्यांवरून पिल्लाच्या मनात तीन खुणा ठसवल्या गेल्या. बाबांनी जुईच्या उंचीला, दाराच्या आतल्या बाजूला एक कागदही चिकटवून ठेवला : ‘तिळ्या आडवा, तर दार बंद. तिळ्या बाजूला, तर आपलं माणूस.’ कपाळावर काळा ठिपका म्हणून नाव तिळ्या, ते जुईचं.

कुत्रा यायच्या तीन महिने आधी बाबा गेले. केंद्राकडून सदस्य वगळण्याचा अर्ज आला. विनतानं तो खणात ठेवला. उद्या भरू, परवा भरू. रोज संध्याकाळी कुकर लावताना तिचा हात अजून तीन वाट्या तांदूळ घेत होता आणि सकाळी उरलेला भात ती टाकत होती. त्या हाताला अर्ज भरता आला नाही. तिळ्या घरी आला तो मनात तीन माणसं घेऊन, आणि त्याला सापडली दोन.

“पण माणसं आठ-आठ दिवस गावाला जातातच की,” ती आता म्हणाली. “तेव्हा बाकीच्या घरांतला राखण्या उपाशी मरतो का?”

“नाही. एकदा भेटलेलं माणूस गावाला गेलं तर त्याला ते समजतं. महिना-दोन महिने तो धीर धरतो. कधीच न भेटलेलं माणूस मात्र त्याच्या लेखी हरवलेलं असतं.” डॉ. तस्नीमनी कागद किंचित पुढे सरकवला. “पुसणीला दहा मिनिटं लागतात. त्याला काही दुखत नाही.”

विनतानं टोपण काढलं. तेवढ्यात तिच्या मनगटीवर घराच्या दाराची घंटी वाजली.

घरनेत्र दाराबाहेरचं चित्र दाखवत होतं. एकोणिसाव्या मजल्याचा व्हरांडा, चार वाजून बावीस मिनिटं. दाराशी तिशी ओलांडलेला एक अनोळखी माणूस, खांद्याला पिशवी. त्यानं पायाशी, दाराच्या फटीकडे पाहिलं. आतून तिळ्याचं नाक फूं फूं करत असल्याचा आवाज मनगटीतूनही आला.

“कोण हा?” डॉ. तस्नीमनी विचारलं.

“माहीत नाही,” विनता म्हणाली. “तिळ्या आडवा होईलच.”

काही क्षण गेले. मग दार उघडलं. जुईच्या हाताची बोटं दिसली, त्यामागं तिळ्या. तो बाजूला उभा होता आणि त्याची शेपटी जोरजोरात हलत होती. माणूस आत गेला. दार लागलं.

आत घरनेत्र नव्हतं. ‘घरात डोळा नको,’ बाबांनीच सांगितलं होतं.

विनता कधी उभी राहिली ते तिलाच कळलं नाही. घरचा फोन वाजत राहिला, कुणी उचलला नाही. खालचा पहारेकरी म्हणाला, “खानझोडे काकांकडे जायचंय म्हणाले, मॅडम. नाव बरोबर सांगितलं म्हणून सोडलं.”

“वर जा. आत्ताच्या आत्ता.”

“लिफ्ट बंद झालीय ना मॅडम आत्ताच. बघतो मी जिन्यानं.”

गाडीत तिघं बसली. केंद्राची गाडी स्वयंचालित होती. चाळीसच्या वर जायला तयार नव्हती.

“या डबड्याले घाई समजत नाही,” मोटघरे दात-ओठ खात म्हणाले. “माणूस हाकत असता तं आतापरेंत पोचलो असतो.”

डॉ. तस्नीमनी तिळ्याच्या गळपट्ट्याची नोंद उघडली आणि पडदा स्वतःकडे वळवला.

“काय आहे? दाखवा मला.”

पडद्यावर दोन ओळी होत्या.

जुई खानझोडे : घरात.
पुंडलिक खानझोडे : घरात, ४.२३ पासून.

विनतानं त्या दोनदा वाचल्या.

“तुमच्या वडिलांना जुळा भाऊ?” डॉ. तस्नीमनी विचारलं.

“भाऊच नव्हता. एकुलते होते. आणि तो माणूस तिशीतला आहे, तुम्ही पाहिलात.”

“त्यांचे न धुतलेले कपडे कुणाला दिले होते?”

“सगळे कपाटात आहेत. आणि तुम्हीच म्हणालात कपड्यानं फसत नाही.”

“नाही फसत.” डॉ. तस्नीमचा आवाज खाली आला. “मग एकच उरतं. कुणीतरी गंधखूण तयार केली आहे. चार हजार घरांत राखण्या आहे, विनता. चार हजार घरांतली मुलं कुत्रा बाजूला झाला की दार उघडतात.” त्यांनी पोलिसांना फोन लावला.

“कुत्रं चुकलं नसंल,” मोटघरे म्हणाले.

“मोटघरे, मेलेला माणूस घरात आलाय असं सांगतोय तो!”

“मी पंधरा पिढ्या पाहिल्या, मॅडम. कुत्रं खोटं नाही सांगत. आपल्याले त्याचं समजत नाही, ते येगळं.”

विनता दोघांचंही ऐकत नव्हती. तिनं टेबलावरून ते संमतीपत्र तसंच उचलून आणलं होतं आणि त्याची आता हातात सुरळी झाली होती. महिन्यापूर्वी तो पहिला अर्ज भरला असता तर बाबांचं नाव कुत्र्याच्या मनात राहिलंच नसतं. मग त्या नावाच्या आडून कुणी आत शिरलं नसतं. तिच्या न झालेल्या सहीनं दार उघडलं होतं.

लिफ्ट पुन्हा चालू झाली होती. एकोणिसाव्या मजल्यावर पहारेकरी धापा टाकत उभा होता. घंटी वाजवायची की नाही हे त्याचं ठरत नव्हतं. विनतानं आपल्या किल्लीनं दार उघडलं.

जुई जमिनीवर बसून चित्रकलेची वही दाखवत होती. माणूस समोर मांडी घालून बसला होता. तिळ्याचं डोकं त्याच्या मांडीवर होतं आणि तो जुईच्या ताटलीतलं बिस्कीट खात होता. बावीस दिवसांत पहिल्यांदा.

“आई, हे आजोबांना भेटायला आलेत. मी सांगितलं ते देवाघरी गेले. तर म्हणाले, माहीत आहे.”

“जुई, इकडे ये.”

माणूस गडबडून उठला. मोटघऱ्यांनी त्याचं मनगट धरलंच. त्यानं सोडवून घेतलं नाही.

“मी खेमेंद्र बिसेन, ताई. आमगावला शाळेत शिकवतो. फोन केला होता, पण बंद लागला. पाकिटात हाच नंबर दिला होता.” त्यानं बाबांचा नंबर तोंडपाठ म्हणून दाखवला. “मुलगी एकटी आहे हे दार उघडल्यावर कळलं. परत फिरणार होतो, तर यानं पँट धरून आत ओढलं.”

“कसलं पाकीट?”

त्यानं पिशवीतून ते काढलं. मज्जादाता नोंदणीचा शिक्का होता.

“अकरा वर्षांचा होतो मी. रक्ताचा कर्करोग. घरात कुणाची मज्जा जुळली नाही. नोंदणीतून एक गृहस्थ मिळाले. नियम असा, की नाव सांगायचं नाही; दात्यानं लिहून दिलं असेल तर त्याच्या मृत्यूनंतर कळवायचं. त्यांनी लिहून दिलं होतं. मागच्या आठवड्यात पत्र आलं.” तो थांबला. “बावीस वर्षं दर दिवाळीला मी ‘प्रिय दाता’ असं पत्र पाठवायचो. म्हटलं, एकदा घर तरी बघून यावं.”

बावीस वर्षं. विनताला बाबांचं हैदराबादचं प्रशिक्षण आठवलं. बाबा आठवडाभर गेले होते आणि परत आले ते कंबर धरून. ‘रेल्वेचा बर्थ कडक होता.’ मग चार दिवस पालथे झोपत होते, आणि आई शेक देता देता रेल्वेला शिव्या देत होती. आईला दवाखान्याची धास्ती होती. तिला त्यांनी कधी सांगितलं नाही. मग ती गेल्यावरही नाही.

डॉ. तस्नीम खुर्चीत बसल्या. “तुमची सगळी मज्जा नष्ट केली असेल त्यांनी. आणि मग दात्याची घातली.”

“हो. माझा रक्तगटसुद्धा बदलला. आता तोच आहे जो त्यांचा होता.”

“कातडी तुमची, केस तुमचे,” त्या हळूहळू म्हणाल्या. “पण कारखाना त्यांचा. बावीस वर्षं चालू आहे. तो अजून बंदच झालेला नाही.” मग त्यांनी पोलिसांना पुन्हा फोन लावला, येऊ नका म्हणून सांगायला.

मोटघऱ्यांनी मनगट सोडलं. “मी काय म्हणत होतो?” ते म्हणाले, पण नेहमीच्या आवाजात नाही.

विनता खेमेंद्रच्या जवळ गेली. क्षणभर तिनं श्वास आत ओढला. साबण, एसटीतला घाम, थोडं बिस्कीट. बाकी काही नाही. तिळ्याला जे कळत होतं ते तिच्या नाकाला कधीच कळणार नव्हतं.

गळपट्ट्यावरचा गणतीचा लाल ठिपका हिरवा झाला. तीनपैकी तीन.

बाहेर दिवे लागत होते. डॉ. तस्नीम निघाल्या; तिळ्या अदबीनं बाजूला झाला. मोटघऱ्यांनाही त्यानं वाट दिली. मग खेमेंद्रनं पिशवी उचलली.

“सव्वासातची गाडी आहे, ताई. महिन्या-दोन महिन्यांनी येत जाईन, चालेल ना?”

तिळ्या उंबऱ्यावर आडवा झाला. खेमेंद्रनं पाय उचलला तसा तो आणखी लांब झाला, एकटक त्याच्याकडे बघत. मग त्यानं डोळे मिटले.

“आता नाही जाता येणार,” जुई म्हणाली. “गणती झाली.”

“अरे, पण मला सकाळी शाळा...”

“पहिली गाडी पाचला असते,” विनता म्हणाली. “बसा.”

ती स्वयंपाकघरात गेली. हातातली कागदाची सुरळी तिनं केराच्या डब्यात टाकली आणि कुकर काढला. तांदळाच्या डब्यात हात घालून एक वाटी घेतली, दुसरी घेतली. तिसरीला ती थांबली, आणि चार महिन्यांत पहिल्यांदा ती मोजून घेतली.