वाटाण्याएवढा थेंब

उद्दिष्ट : दिलेल्या ऑक्झॅलिक आम्लाची तीव्रता अनुमापनाने शोधणे.

हे मुलांचं. यमुना दुसाने यांचं उद्दिष्ट त्याहून साधं होतं. एवढं प्रात्यक्षिक उरकायचं, येत्या जहाजात बसायचं आणि अमळनेरला नवऱ्याशेजारी जाऊन पडायचं.

साहित्य : चंद्रावरच्या वसाहतीतली एकुलती एक शाळा, तिची बिनखिडकीची प्रयोगशाळा, अकरावीची मुलं. आजवर इथे अनुमापन यंत्रच करायचं आणि मुलं पडद्यावरचा आकडा उतरवून घ्यायची. यंदा परीक्षा मंडळाला हुक्की आली की प्रत्येकाने हाताने करून दाखवावं. म्हणून मागच्या जहाजाने काचेच्या ब्युरेट आल्या. खुणा केलेली लांब नळी, खाली तोटी. तिच्यातून आम्लारी थेंबाथेंबाने आम्लात सोडायची. आम्लात दर्शक घातलेला असतो. आम्ल संपलं की पुढच्या एका थेंबाने पात्रात फिकट गुलाबी छटा येते, आणि तिथेच थांबायचं. पृथ्वीवर यमुनाने हे हजारो मुलांकडून करून घेतलं होतं.

इथे मात्र सगळंच मेलं संथ. गाळण कागदातून पाणी उतरायला अर्धा दिवस, साका तळाशी बसता बसत नाही. चंद्राच्या ओढीला कसली घाई नव्हती. यमुनालाही उरली नव्हती. फळ्यावर दोन ओळी लिहिल्या की ती स्टुलावर टेकायची. सकाळी उठताना अंग शिशाचं व्हायचं, तेही जिथे तिचं वजन पोत्यातल्या धान्याइतकंही भरत नव्हतं अशा ठिकाणी.

वसाहतीचे डॉक्टर मुजावर यांनी याला नाव दिलं होतं : चांद्रथकवा. पन्नाशी उलटली की धरतो, नाडी मंद करतो, आणि त्यावर एकच उतारा, खाली जाणे. यमुनाचा नवरा प्रल्हाद दोन वर्षांपूर्वी असाच गेला आणि महिन्याभरात बोरी नदीच्या काठाने पहाटे फिरू लागला. साठीपुढच्या माणसाला पुन्हा उड्डाणाचा ताण सोसत नाही, म्हणून त्याला वर येता येत नव्हतं. तिला करार संपेपर्यंत, म्हणजे अजून सहा वर्षं, खाली जाता येत नव्हतं. अपवाद फक्त आजाऱ्यांचा. गेल्या महिन्यात तिची नाडी सेहेचाळीसवर आली तेव्हा कुठे तिच्या नावाची जागा मंजूर झाली. त्या दिवशी तिने स्वतःसाठी खास शिरा केला होता.

कृती : बिघडली.

एकाही मुलाची दोन वाचनं जुळेनात. आणि फिकट गुलाबी कुणालाच मिळेना. पाणी रंगहीन, रंगहीन, आणि पुढच्या थेंबाला एकदम गडद. लग्नाच्या शालूसारखं.

“मॅडम, फिकट गुलाबी रंग पृथ्वीवरच राहिला वाटतं,” शर्वाणी धोत्रे म्हणाली. वर्गात सगळ्यांत हुशार, आणि जीभही तशीच. “वजन जास्त झालं म्हणून उतरवला असेल.”

मुलं हसली. यमुनाने नेहमीचं सुनावलं, की हाताला धीर नाही, तोटी नळासारखी सोडता. मग उठली, स्वतः ब्युरेटपाशी उभी राहिली. तिचंही गडद झालं. दुसऱ्यांदाही. शर्वाणीने पात्र धुऊन पुन्हा समोर ठेवलं, हे जास्त लागलं.

तिसऱ्या वेळी यमुनाने रंगाकडे न बघता तोटीच्या टोकाकडे बघितलं. थेंब लोंबला. फुगला. पडला नाही, आणखी फुगला. वाटाण्याएवढा झाला तेव्हा कुठे सावकाश सुटला.

तिने मोजनळी आणवली आणि शर्वाणीला तिच्यात दहा थेंब सोडायला लावले. पृथ्वीवर दहा थेंबांचा अर्धा मिलीलिटर भरतो. इथे तीन भरले.

निरीक्षण : डॉक्टर मुजावर तिची नाडी बघायला शाळेतच यायचे. मिरजेचा माणूस, रोग्याला हसवल्याशिवाय हात न सोडणारा. मुलं गेल्यावर तिने त्यांना तो थेंब दाखवला.

“अरे वा, बाळसं धरलंय,” ते म्हणाले.

ती समजावू लागली. थेंब पडतो तो वजनाने. त्याला वर धरून ठेवतो पाण्याचा पृष्ठताण, म्हणजे पाण्याच्या कातडीची पकड. ती पकड पृथ्वीवर जेवढी, तेवढीच इथेही. पण ओढ सहावा हिस्सा. मग पकड सुटण्याइतकं वजन भरायला थेंबाला सहापट मोठं व्हावं लागतं. पुस्तकातला ‘एक थेंब’ म्हणजे पृथ्वीवरचा एक थेंब, एवढंच ती सांगत होती. डॉक्टर मान डोलावत होते, आणि मग मान थांबली.

“बाई, औषधं,” ते म्हणाले.

सलाइन इथे पंपाने जायचं, इंजेक्शन सिरिंजने. थेंब मोजायची वेळच फार थोड्या ठिकाणी यायची, म्हणून कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. पण शाकगृहात भाजी पिकवणाऱ्या भोइट्यांच्या तान्ह्या बाळाला जीवनसत्त्वाचे रोज चार थेंब चालू होते. आणि पन्नाशीपुढच्या प्रत्येकाला डोळ्यांचे थेंब. कमी ओढीमुळे रक्त डोक्याकडे साचतं, डोळ्यांतला दाब वाढतो, म्हणून ते सरसकट दिले जायचे.

“त्या औषधाने दाब उतरतो,” डॉक्टर सावकाश म्हणाले. “पण जास्त झालं तर ते डोळ्यातून नाकात उतरतं, तिथून रक्तात. आणि नाडी मंदावते. माणूस गळून जातो.”

“गालावर ओघळून जात नाही?”

“पृथ्वीवर जातं. इथे ओघळतंय कुठे? बसून राहतं डोळ्यातच. एवढा मोठा थेंब तुम्हाला दिसला कसा नाही?”

“डोळ्याला टेकलेली वस्तू मोठी दिसणारच की,” यमुना म्हणाली.

दोघंही थोडं हसले. मग डॉक्टर स्टुलावर बसले आणि त्यांचा चेहरा तिच्याइतकाच थकलेला दिसू लागला. खाली पाठवलेला प्रत्येक माणूस महिन्याभरात बरा झाला होता. तोच तर त्यांचा पुरावा होता, की दोष चंद्राचा. पण बाटली तीच, सल्ला तोच, रोज एक थेंब. खाली फक्त थेंब लहान झाला होता. चांद्रथकवा नावाचा रोगच नव्हता. प्रल्हाद खाली गेला तो न झालेल्या रोगापायी.

आणि रोग नसेल तर त्या रोगाच्या नावावर मिळालेली जागाही नव्हती. हे दोघांच्याही एकाच वेळी लक्षात आलं, बोलले डॉक्टर.

“जहाज बारा दिवसांनी आहे. बाळाचं औषध मी आजच बदलतो, काहीतरी कारण सांगून. डोळ्यांच्या थेंबांचं तेवढं मला तुम्ही गेल्यावर सुचू शकतं.”

यमुनाने विचार केला. मनात आलं नाही असं नाही. मुदपाकखान्यातले गोठोसकर परवाच चक्कर येऊन शिडीवरून पडले होते. पडतानाही सावकाश, म्हणून वाचले. बारा दिवसांत आणखी एखादं हृदय किती मंद होईल, हे डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं. शिवाय खोटं निभवायलाही अंगात त्राण लागतं, आणि ते तर त्या थेंबांनी केव्हाच काढून घेतलं होतं.

“आत्ताच कळवा सगळ्यांना,” ती म्हणाली. “माझ्यासमोर कळवा. नाहीतर मी तुम्हाला थांबवीन.”

डॉक्टरांनी कळवलं.

अनुमान : थेंबाबद्दल परीक्षा मंडळाला ती स्वतंत्रपणे लिहिणार होती.

त्रुटींची कारणे : संध्याकाळी प्रल्हाद पडद्यावर आला. मागे अमळनेरची गच्ची, वाळत घातलेल्या पापडांवर जुनं धोतर. बोललेलं पोचून उत्तर यायला इथे अडीच सेकंद लागत. दोन वर्षांत दोघांना त्या अंतराची सवय झाली होती. भांडणंही त्या मापानेच व्हायची.

त्याने तिच्यासाठी पलंग खिडकीशी हलवला होता. खाली उतरलीस की बघ कशी खडखडीत होतेस, तो सांगत होता, माझं नाही का झालं.

तिने सगळं सांगितलं. थेंब, पृष्ठताण, डोळे, नाडी. पूर्वी तोही शाळेत गणित शिकवायचा. सहापट म्हटल्यावर त्याला पुढचं सांगावं लागलं नाही.

“म्हणजे मला काही झालंच नव्हतं,” तो म्हणाला.

“नाही.”

अडीच सेकंद गेले.

“आणि तू आता थेंब कमी करणार.”

“आजपासून.”

“म्हणजे बरी होणार.”

“डॉक्टर म्हणतात, पंधरवड्यात.”

प्रल्हादने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“वाईट झालं गं यमू,” तो म्हणाला.