हलक्या पायाचा ब्रेक

गाडी थांबली, पण त्याच्या मोटरसायकलला टेकून. वालूरच्या अलीकडे चहाच्या टपरीसमोर तो उभा होता. त्याने कप बाजूला ठेवला, वाकून मडगार्ड पाहिलं, मग मला.

"ब्रेक मारलाच न्हाई तुमी."

"मारला. पॅडल खाली बसलं."

"मारला असता तर थांबली असती, मॅडम. जरा उतरा."

तो आत बसला आणि पॅडलवर पाय जोरात आपटला. पुन्हा आपटला.

"दगडावानी हाय," तो म्हणाला आणि मान खाली घालून हसला. हसणं मला आवडलं, वाक्य आवडलं नाही.

मी वालूरच्या शाळेत विज्ञान शिकवते, सेलूहून ये-जा करते. बाबांची ही पांढरी गाडी माझ्या वर्गातल्या मुलांहून जुनी आहे. त्याचं नाव बुद्धभूषण, सगळे भूषण म्हणतात, आणि त्याचं गॅरेज सेलूतच. मला वाटलं, आठवडाभरात प्रश्न सुटेल.

सुटला नाही. त्याच्या दारात गाडी शहाण्यासारखी वागायची. त्याने चाकं काढली, ब्रेक ऑइल तपासलं, नळ्यांतली हवा काढली. गळती कुठेच नव्हती. शेवटी पाय आपटून तेच - दगडावानी. आणि मग कधीतरी, उसाच्या ट्रॉलीमागे रांगत जाताना, पॅडल माझ्या पायाखालून निघून जायचं.

"मिस्त्रीला सापडत नाही म्हणजे दोष गाडीत नाही, शीला," बाबा म्हणाले. "तुझ्या पायात आहे."

त्यांनी गाडी विकायला मानवतचं एक गिऱ्हाईक शोधलं. ते रविवारी येणार होतं. गाडी गेली तर एकवेळ बस होती. पण धम्मशीलेला, म्हणजे मला, ब्रेक मारता येत नाही, हा निकाल घरात कायमचा राहिला असता.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी थेट गॅरेजवर गेले. भूषणने निळा, इस्त्रीचा शर्ट घातला होता. ग्रीसच्या कामात, इस्त्रीचा. दारात त्याची आई, गीताबाई, तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या.

"हीच का रे ती? चांगल्या ब्रेकवाली?"

"आई, गप की."

"जय भीम, बाई. मी याला म्हन्ते, बिघाड नसताना गाडी घेऊन कुनी उगं सारखं येतं व्हय? पोरीच्या मनात कायतरी असंल."

मला अर्थ लागायला थोडा वेळ लागला. मी शर्टाकडे पाहिलं. तो जॅककडे पाहत होता.

"तुम्हाला वाटलं... मी तुम्हाला बघायला येते?"

"तसं न्हाई... म्हंजे... पॅडल चांगलं, ऑइल चांगलं, तरी तुमी यायलात. मानसानं काय समजावं?"

"ब्रेक खराब आहे, असं समजावं. काल हँडब्रेक ओढून म्हशीच्या शेपटीपासून वीतभर अलीकडे थांबले मी. आणि तुम्ही इकडे इस्त्री करताय."

गीताबाईंचे हात थांबले. "मंग तर लय वाईट झालं," त्या म्हणाल्या. म्हशीसाठी की मुलासाठी, ते कळलं नाही.

"गाडीत बसा," मी म्हणाले. "बाजूच्या सीटवर. आज पाय माझा."

इंजिन सुरू केलं. ट्रॉलीमागे असताना टेकवते तसाच पाय टेकवला - हलका, स्थिर. काही झालं नाही.

"बघा, चांगलं—"

"बोलू नका."

त्याच्या शर्टाला साबणाचा वास होता, ते मला लक्षात घ्यायचं नव्हतं. मग पॅडल हळूहळू, चिखलात काठी रुतावी तसं, खाली जाऊ लागलं आणि तळाला टेकलं. तो पाहायला वाकला. खांदा माझ्या गुडघ्याला लागला, तसा चटकन मागे सरला.

"परत करा."

परत तेच झालं. मग मी त्याच्यासारखा पाय आपटला. दगड.

"मी दर टायमाला लाथच मारायलो," तो सावकाश म्हणाला. "आमी सगळे तसंच बघतो. ऑइल ढकलनारं मास्टर सिलिंडरचं रबर गेलंय. जोरात दाबलं की ते फुगून भिंतीला चिकटतं..."

"...आणि हळू दाबलं की ऑइल त्याच्या बाजूने मागे सरकतं. म्हणून बाहेर थेंबही नाही."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच आमचं एकमत झालं होतं.

ऊन उतरेपर्यंत त्याने नवं रबर बसवलं. हलक्या पायाने दोघांनीही तपासलं. मग मी न सांगता त्याने माझ्याकडून बाबांचा नंबर घेऊन फोन लावला.

"काका, दोष गाडीत होता. मॅडम पहिल्यापासून बरोबर सांगायलत्या. मीच इश्वास ठेवला न्हाई."

फोनमधून मला बाबांचा आवाज ऐकू आला, "मानवतवाल्याला नको म्हणून कळवतो."

भूषणने किल्ली दिली. निळ्या बाहीला ग्रीस लागलं होतं.

"झालं. आता तुमी काय यायच्या न्हाईत."

"बिघाड नसताना कशाला येऊ?"

"हां... बरोबर हाय."

मला पुन्हा राग आला. सगळं मलाच सिद्ध करून दाखवावं लागत होतं.

"बाबा सुरुवातीला सांगत होते, परभणीच्या मोठ्या गॅरेजला ने म्हणून. त्यांची ओळख आहे तिथे."

"मग?"

"नेली नाही."

तो जागच्या जागी उभा राहिला. हातातला पाना खाली ठेवायचंही त्याला सुचेना.

"मग... आता मी एक विचारू?"

"विचारा. पण हळू. आई ऐकताहेत."

"न्हाई ऐकत मी," गीताबाई दारातून म्हणाल्या.