बोल म्हणेपर्यंत

भुसावळहून सातपुड्यात जायचं ठरलं तेव्हापासून नूतनला झोप नव्हती. बिबट्याची, अस्वलाची भीती असती तर चारचौघांत सांगायला तरी बरं. तिला काळजी होती ती चार वर्षांच्या रत्नाच्या तोंडाची. पहाटे नाल्याकाठच्या लपणात बसून जनावरं बघायची, तिथे अवाक्षर काढायचं नाही, आणि ही पोरगी झोपेतसुद्धा बोलायची. मग एम.एस्सी. झालेल्या नूतनबाईंनी घरी सराव घेतला. "आई बोल म्हणेपर्यंत तोंड बंद." एकदा दारात बोट चेमटलं तरी रत्ना गप्प राहिली. डोळ्यांतून धारा, तोंडातून आवाज नाही. नूतनला कौतुक वाटलं. मग त्या कौतुकाचीच लाज वाटली, आणि पुन्हा जागरण.

आता विश्रामगृहाच्या ओट्यावर जेवणं उरकली होती. दिवसभर गाडी वर चढत आली होती. आधी साग, मग उघडे-बोडके अंजन, माथ्यावर वाळलेल्या गवताचं पठार, आणि मधेच एखाद्या नाल्यात ओली गर्द सावली. दर वळणाला पाखरं वेगळी. दमून रत्ना आत खाटेवर झोपली होती. उशाशी स्टुलावर घरून उकळून आणलेल्या पाण्याचा पेला. बाहेर बुद्ध पौर्णिमेचं चांदणं.

"उद्या गप्प बसेल ना ही?" नूतनचा नवरा, नवल, म्हणाला.

"बसेल. शिकवलंय मी."

नवलचे काका, रेल्वेतून निवृत्त झालेले लीलाधर नाना, सुपारी कातरत होते. अडकित्ता थांबला.

"काय शिकवलं, सूनबाई?"

तिने सांगितलं. बोटाचंही सांगितलं.

"गुणी पोर," नाना म्हणाले. "आमच्या दोंडाईच्याकडचा अभिमन इथे वनमजूर होता. त्याचंही पोर असंच गुणी होतं."

"नाना, भुताचं असेल तर राहू द्या. नूतनला आधीच झोप नाही."

"भुताचं कुठे? पाण्याचं आहे."

आणि नानांनी सांगितलं ते असं.

दरवर्षी याच रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावर येणारी जनावरं मोजतात. सहा वर्षांमागे अभिमनने पोराला बरोबर नेलं. आधीची दोन मुलं जगली नव्हती, म्हणून दृष्ट लागू नये असं याचं नाव चिंधा. शिडी चढताना बापाने बजावलं, "मी बोल म्हनत नई, तवलोग तोंड उघडानं नई." पोर मुकाट बसलं. मध्यरात्री बाटलीतलं पाणी संपलं. अभिमनचा डोळा लागला होता. दुसरं एखादं पोर असतं तर बापाला हाक मारतं. हा खाली उतरला. एकटा. खालचा डोह दिसायला घोटाभर...

"ओरडला असता," नाना म्हणाले, "तर एका उडीत पोचला असता बाप."

पुढच्या वर्षी अभिमन त्याच मचाणावर एकटा बसला. बायकोने, भिकुबाईने, चिंधाचा पेला बरोबर दिला होता. पाणी पिऊन झालं की पेला पालथा घालायचा, ही तिने त्याला लावलेली सवय. अभिमनने तो भरून शिडीच्या पायाशी ठेवला.

आधी चितळं आली. मग सांबर. मग एक अस्वल. एरवी एकमेकांच्या वाऱ्याला न थांबणारी जनावरं. सगळी काठाला उभी राहिली. एकानेही मान खाली घातली नाही. जणू पाळी दुसऱ्याची होती...

रातकिडे थांबले.

शिडीशी भांडं वाजलं. बारीक.

अभिमनला खाली बघवेना. हाक मारावी. हाक घशाशी आली. तिथेच राहिली...

मग एक चितळ पाण्याला लागलं. मग सगळीच.

उजाडल्यावर तो उतरला. पेला रिकामा होता. पालथा घातलेला.

"वाऱ्याने पडला असेल," नवल म्हणाला.

"असेल. मग दरवर्षी पडायचा."

नूतनने खालच्या आवाजात विचारलं, "पण त्यांनी हाक का नाही मारली, नाना? एकदा तरी?"

"कोणाला विचारायचं आता? अभिमन या हिवाळ्यात गेला. भिकुबाई माहेरी असते." नानांनी कातरलेली सुपारी तशीच डबीत टाकली. "आज पेला ठेवायला कोणी नाही."

लांब दरीत सांबर ओरडलं. एकदाच.

नूतन उठून आत गेली.

रत्ना जागी होती. खाटेवर ताठ बसलेली. ओठांवर बोट.

स्टुलावरचा पेला पालथा होता. फरशी कोरडी.

"तू प्यालीस पाणी?"

रत्नाने मान हलवली. नाही.

नूतन गुडघ्यांवर बसली, ते बोट ओठांवरून काढून तिने मुठीत धरलं.

"बोल, बाळा. मी बोल म्हणते. आता कधीही बोल."

रत्ना तिच्याकडे बघत नव्हती. दाराच्या कोपऱ्याकडे बघत होती.

"आई," ती म्हणाली, "त्याला पण म्हण ना, बोल."