आईचं पान

वाचनालयातल्या जुन्या वर्तमानपत्रांच्या खोलीत आमचे दोघांचे हात एकाच जाडजूड गठ्ठ्यावर पडले.

"तुम्ही आधी बघा," तो म्हणाला. "मला फक्त एका प्रदर्शनाची बातमी हवीय… झाडापानांची चित्रं काढणाऱ्या एक बाई होत्या."

त्या बाई म्हणजे माझी आई. ती गेल्यावर, सगळ्यांनी मिळून लिहायच्या त्या ज्ञानकोशाच्या संकेतस्थळावर मी तिचं पान तयार केलं होतं. 'घुबड' नावाचा कुणी संपादक त्या पानाच्या हात धुऊन मागे लागला होता. 'मायाळू', 'अद्वितीय' सगळं त्याने खोडलं, वर पाटी लावली: आधार न मिळाल्यास पान काढून टाकावं. पानाला जोडलेल्या चर्चापानावर, जिथे संपादक आपसात बोलतात, आमची रोज खडाजंगी व्हायची.

"घुबड… तुम्हीच का?"

तो कानापर्यंत लाल झाला. "आणि चर्चापानावर माझ्याशी भांडता त्या तुम्ही?"

"माझी आई मायाळू नव्हती?"

"असणारच. पण तिथे कुणी परक्याने छापलेलं लागतं. आपल्या माणसाबद्दल आपणच लिहायचं नसतं." मग हळूच म्हणाला, "पान जाऊ नये म्हणूनच आलोय मी."

राग यायला हवा होता. आलाच नाही.

मग दर शनिवारी आम्ही गठ्ठे चाळू लागलो. धुळीने तो शिंकायचा, मी हसायचे. रोपं ताजी राहावीत म्हणून आई ती ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची, आणि आमच्या जेवणाचं मात्र विसरायची, हे मी त्याला सांगायचे. तो मान खाली घालून ऐकायचा. एका दुपारी बातमी सापडली. जेमतेम चार ओळी, त्यात आईचं नाव. मला रडू आवरेना. त्याने त्या चारही ओळी वहीत उतरवून घेतल्या.

पानावरची पाटी निघाली. पुढच्या शनिवारी मला आणखी एक कात्रण मिळालं.

"हेही घाल ना."

"मला नाही घालता येणार."

"का? छापलेलं आहे की!"

"तसं नाही गं…" त्याने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. चर्चापानावर त्याने लिहिलं होतं: 'या पानावर मी यापुढे लिहिणार नाही. या चित्रकर्तीच्या मुलीवर माझं प्रेम आहे. कृपया दुसऱ्या कुणी लक्ष द्यावं.'

"मला सोडून सगळ्या जगाला आधी सांगितलंस?"

"तुला सांगायचं धाडसच होईना—"

मी त्याचा हात घट्ट धरला. माझंही प्रेम होतं, केव्हापासूनच.

"आईला तू फार आवडला असतास," मी म्हणाले.