पाणी सुटेपर्यंत

पुलावर स्कूटी घातली आणि खालून आवाज आला, "अहो, जरा हळू… सगळी माती माझ्या डोक्यावर पडते की."

वाकून पाहिलं, तर कोरड्या कालव्यात एक तरुण उभा, हातात टेप, केस धुळीनं पांढरे. आमचा जुना पूल अजून किती टिकेल ते बघायला आलेला सोलापूरचा इंजिनियर. नाव गुरु, राहायला भवानी पेठेत. मला हसू आवरेना.

कालव्यात पाणी सुटायच्या आत त्याला पुलाचे दगडी खांब तपासायचे होते. मी त्याच वाटेनं अण्णांचा, म्हणजे वडिलांचा, डबा रानात न्यायची. कालवा कुणी खोदला, त्यानं विचारलं. मी सांगितलं, जुन्या दुष्काळात पोटासाठी आलेल्या माणसांनी. माझ्या पणजीची सासूही इथंच घमेली वाहायची. दुसऱ्या दिवशी त्यानं पुन्हा तेच विचारलं. मीही पुन्हा सगळं सांगितलं, जरा वाढवूनच. मग डब्यातली एक कडक भाकरी आणि शेंगाचटणी रोज वाटेतच संपायला लागली. अण्णांना सांगायचे, मलाच भूक लागली होती.

गाव पाण्याची वाट बघत होतं. आमच्या कांद्यानं माना टाकल्या होत्या. अण्णा सारखे कालव्याचं पाणी सोडणाऱ्या पाटकरी बिरप्पाकाकांना फोन करायचे, आणि मी मेली सिद्धरामेश्वराला विनवत होते, पाणी अजून थोडं उशिरा सुटू दे. शेतकऱ्याच्या पोरीनं असलं मागावं? लई लाज वाटायची माझी मलाच.

गुरुवारी पाणी सुटलं. अण्णा खोरं घेऊन पाट साफ करायला रानाकडं पळाले. पहिल्या पाण्याला हळदकुंकू आणि नारळ वाहायची आमच्याकडं रीत, आईनं मला पाठवलं. पुलावर गुरु बॅग घेऊन उभा होता. खालून गढूळ पाणी खळाळत निघालं होतं. मी नारळ सोडला आणि डोळे भरून आले.

"पाणी आलं तरी रडता?" त्यानं हळूच विचारलं.

"येऊ नये असं वाटत होतं… तिकडं कांदा वाळत असताना." बोलून गेले खरी.

तो खाली बघत म्हणाला, "खांबांचं काम माझं कधीच झालं होतं. साहेबांना रोज सांगायचो, अजून एक राहिलाय."

पदर नव्हता, ओढणीचं टोकच पिळत बसले.

"रविवारी आईला घेऊन येऊ… तुमच्या घरी?"

"रविवारी आमची पाण्याची पाळी. अण्णा रानात असतील."

त्याचा चेहरा पडला.

"उद्याच या," मी म्हणाले.