निरोपाची बैठक

कॉर्डेल व्हिटलो मला पहिल्यांदा दिसला तो गुडघ्यांवर बसलेला. लग्नाची मागणी घालायला नव्हे... मिस अर्नेस्टीनची संगमरवरी पायरी घासायला.

अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत वर, टाय खांद्यावरून मागे टाकलेला आणि हातात घासायचा दगड. मिस अर्नेस्टीन वर दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि बोटाने दाखवत होत्या, तो कोपरा राहिला, तो. आमच्या वेस्ट बाल्टिमोरच्या गल्लीत दर तिसऱ्या घराच्या खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या आहेत, पण जिथे माणूस राहतो तिथली पायरी पांढरीशुभ्र असते. आणि ओल्या पायरीवर पाय ठेवणारा, मग तो पाद्री का असेना, ती स्वतः घासून देतो. हा मिस अर्नेस्टीनचा कायदा आहे. सत्तरी उलटलेल्या बाईशी वाद घालायची आमच्या गल्लीत पद्धत नाही.

"ही पायरी तुमची का?" त्याने मान वर करून मला विचारलं.

"माझी शेजारची. तिच्यावर पाय ठेवायचा विचारसुद्धा करू नका."

"आता मी विचार करूनच पाय ठेवणार. तिथेच यायचं होतं मला, घर चुकलं."

शेजारचं घर म्हणजे आमचं केंद्र. सप्टेंबर असून अंगाची काहिली होत होती, पाय दुखत होते, आणि आता हे. केंद्राला पैसे देणाऱ्या फाउंडेशनने पुढचा आराखडा करायला पाठवतो म्हटलेला माणूस हाच, हे माझ्या लक्षात आलं.

"म्हणजे तुम्ही आराखडावाले," मी म्हणाले.

"आणि तुम्ही रेनेल टॉलिव्हर. मला आधीच सांगून ठेवलंय, बाई भेटल्या की पहिल्यांदा सुस्कारा टाकतील."

मी तो नुकताच टाकला होता. मला हसू आलं, आणि हसू आल्याचा रागही आला.

आमचं काम सांगायला सोपं आहे. वस्तीतल्या एका मुलाची किंवा मुलीची एका मोठ्या माणसाशी जोडी लावून द्यायची. दोघांनी आठवड्यातून एकदा भेटायचं, किमान वर्षभर. अभ्यास करा, बास्केटबॉल खेळा, नुसते पायरीवर बसा, पण भेटा. मेंटॉर म्हणून येणारी माणसं उत्साहाने येतात आणि पुष्कळदा नव्याचे नऊ दिवस होतात. कुणाची पाळी बदलते, कुणाला दुसरी नोकरी धरावी लागते, कुणाची आई अंथरुणाला खिळते. कारणं सगळी खरी असतात, त्यामुळे धड रागावताही येत नाही.

म्हणून आमच्याकडे निरोपाची बैठक असते. जाणाऱ्याने गुपचूप जायचं नाही. मागच्या खोलीत मुलासमोर बसायचं आणि स्पष्ट सांगायचं, ही आपली शेवटची भेट. मग सांगायचं, तुझ्याकडून मला काय मिळालं. आणि जे करणार नाही त्याचं वचन न देता उठायचं. 'येईन कधीतरी' आणि 'भेटू लवकरच' ही दोन वाक्यं आमच्या घरात बंद आहेत, कारण त्या वाक्यांवर विश्वास ठेवून मुलं कोटाची बटणं लावून पायरीवर बसून राहतात. बैठकीला एक साक्षीदार लागतो, त्याने तोंड उघडायचं नाही. बहुतेक वेळा साक्षीदार मी. त्या दिवशीही असाच एक निरोप उरकून, रडून दमलेल्या मुलीला घरी पोचवून मी परत येत होते. माणसांच्या जाण्याला मी विटले होते, आणि एवढा एक आराखडा पार पडला की आपणही जायचं, असं मी मनाशी ठरवलं होतं.

आराखडे आमच्याकडे आधीही झाले होते. उंटावरचे शहाणे यायचे, जाडजूड पुस्तक करून जायचे. त्यातल्या एकावर आमचं टेबल उभं होतं, एक पाय तोकडा होता म्हणून. या वेळी फाउंडेशनची अपेक्षा अशी की दोन वर्षांत जोड्या दुप्पट झाल्या पाहिजेत. साठाच्या एकशेवीस. तेवढे मेंटॉर टिकणार कसे, हे कुणी विचारलं नव्हतं. घाईत जोडलेली जोडी मोडते आणि मोडलेल्या जोडीतलं मूल आधीपेक्षा एकटं पडतं, हे मी कॉर्डेलला पहिल्याच दिवशी सुनावलं. त्याने ऐकून घेतलं. वाद घातला नाही, हेच मला संशयास्पद वाटलं.

"पाच वर्षांनी तुम्हाला इथे काय हवंय?" त्याने विचारलं.

"झोप," मी म्हणाले.

त्याने पिवळ्या चिठ्ठीवर 'झोप' असं ठळक लिहिलं आणि ती भिंतीवर चिकटवली.

ऑक्टोबरात त्याने वस्तीतल्या लोकांना बोलावलं. मेंटॉर आले, आया आल्या, चर्चमधली मंडळी आली. भिंतभर चिठ्ठ्या लागल्या — नवी जागा, गाडी, संगणक, सहली. मग प्रत्येकाला लाल टिकल्या दिल्या, जे सगळ्यात गरजेचं वाटतं त्यावर लावायला. मिस अर्नेस्टीन चष्मा पुसून भिंतीपुढे बराच वेळ उभ्या राहिल्या आणि आपल्या सगळ्या टिकल्या त्यांनी 'झोप'वर लावल्या. लोक हसले. मग बाकीच्यांनीही एकेक तिथेच लावली. शेवटी भिंतीवर सगळ्यात लाल दिसत होती ती माझी थट्टा.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कॉर्डेल मात्र हसला नाही. त्याने लोकांना विचारलं, हे का? आणि लोक एकेक करून बोलायला लागले. फोन उचलते तीच, मुलं पोचवते तीच, भांडणं मिटवते तीच... ही पडली तर सगळं बसेल. मी कोपऱ्यात कॉफीचे कप गोळा करत राहिले, कारण डोळे भरून आले होते आणि कुणी पाहायला नको होतं. त्याने पाहिलं. पुढे येऊन माझ्या हातातला कपांचा ढीग काढून घेतला.

पुढच्या आठवड्यात तो एका निरोपाच्या बैठकीला माझ्याबरोबर साक्षीदार म्हणून बसला. बाहेर आला तो थेट कोपऱ्यावरच्या दुकानात गेला आणि लेक ट्राउटची, म्हणजे आमच्याकडच्या तळलेल्या माशाची, दोन पुडकी आणि निम्मा थंड चहा, निम्मं लिंबूपाणी असलेले दोन मोठे पेले घेऊन आला. आम्ही केंद्राच्या पायरीवर बसलो. बारीक पाऊस भुरभुरत होता, दारावरच्या छपराखाली जेमतेम दोन माणसं मावत होती.

"यात ना तळं आहे ना ट्राउट," तो मासा उलटासुलटा करत म्हणाला.

"शहराच्या ईस्ट साइडच्या माणसाला मासा कळत नाही. आणि आमच्याकडे नावावर कुणी जात नाही. तुमच्या कार्डावर 'तज्ज्ञ' लिहिलंय, आम्ही काही बोललो का?"

तो हसला. मग पाव मोडता मोडता थांबला.

"प्रत्येक वेळी तुम्हीच बसता तिथे?"

"कुणीतरी बसायला हवं."

"आणि तुमच्याजवळ... कोण बसतं?"

मी म्हटलं, मासा गार होतोय. त्याने कागदी रुमाल पुढे केला, माझ्या हनुवटीला तिखट सॉस लागला होता. रुमाल घेताना बोटाला बोट लागलं. पस्तिशी ओलांडलेली बाई मी... एवढ्यानेच छातीत धडधडावं, याची मला लाज वाटली. पण धडधडलं खरं.

त्यानंतर तो रोज यायचा. आराखड्याच्या नावाखाली मुलांच्या खुर्च्या दुरुस्त करायचा, टेबलाखालचं पुस्तक काढून त्याने टेबलाला नवा पायही बसवला. मी त्याला टोमणे मारायचे, तो ते मोजून परत करायचा. मिस अर्नेस्टीन खिडकीतून सगळं पाहायच्या आणि मला म्हणायच्या, पोरी, आजकाल तुझे सुस्कारे कमी झालेत.

डिसेंबरात त्याने फाउंडेशनपुढे आराखडा मांडला. दुप्पट हा शब्द त्यात कुठेच नव्हता. पहिलं वर्ष नवी जोडी नाही, आहेत त्या टिकवायच्या. माझ्या जोडीला आणखी एक कर्मचारी, पूर्ण पगारावर. निरोपाच्या बैठकीची रीत नीट लिहून काढलेली, इतर वस्त्यांनाही घेता येईल अशी. फाउंडेशनच्या प्रमुख बाईंनी विचारलं, आम्ही तुम्हाला वाढीसाठी नेमलं होतं ना? तो म्हणाला, हीच वाढ आहे, आधी मूळ धरू द्या. शेवटी वर्षभर करून बघा म्हणाले. त्याला मात्र जानेवारीपासून दुसऱ्या राज्यातल्या क्लीव्हलँडचं काम दिलं.

शेवटच्या दिवशी त्याने भिंतीवरच्या चिठ्ठ्या उतरवल्या. कोट चढवला. दारात उभा राहून मफलर उगाच सारखा केला आणि म्हणाला, "बरं... भेटू लवकरच." आणि गेला.

खोलीत चहा प्यायला आलेल्या मिस अर्नेस्टीन होत्या. त्यांनी कप खाली ठेवला.

"काय म्हणाला तो? या घरात?"

आठवडाभर मी कामात डोकं खुपसून राहिले, माझ्या जोडीला येणाऱ्या नव्या माणसाच्या मुलाखती घेतल्या, आपण सोडून जायचा विचार मागे पडला, मुलांच्या नाताळच्या जेवणाची तयारी केली. राग येत होता आणि रागाच्या खाली जे होतं ते मला चांगलं ठाऊक होतं. मला तो आवडला होता. शेवटी मिस अर्नेस्टीनच म्हणाल्या, "त्याचा आराखडा तिसऱ्यांदा काय चाळतेस? ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं. फोन लाव."

मी फोन लावला. आवाज शक्य तितका कोरडा ठेवला.

"मिस्टर व्हिटलो, तुमची निरोपाची बैठक राहिली आहे."

मग तो म्हणाला, येतो.

मागची खोली लहान, खुर्च्या मुलांच्या मापाच्या. समोरासमोर बसलो तर गुडघ्याला गुडघा लागत होता. साक्षीदार मी होऊ शकत नव्हते, म्हणून मिस अर्नेस्टीन भिंतीशी बसल्या होत्या, ओठ घट्ट मिटून. गप्प बसण्याचे त्यांना किती कष्ट पडत होते ते दिसत होतं.

"पहिलं वाक्य तुम्हाला ठाऊक आहे," मी म्हणाले. "तुम्हीच लिहून काढलंय."

त्याने घसा साफ केला. "ही आपली..."

काचेवर पावसाची टपटप चालली होती. तो माझ्याकडे बघत होता, मी त्याच्या मफलरकडे.

"ही आपली शे— नाही जमत."

"जमायला हवं. लोकांना लहान मुलांसमोर जमतं."

"त्यांना खरंच जायचं असतं, रेनेल."

"मग त्या दिवशी तसं का गेलात?"

"नीट निरोप घ्यायचा तर तुझ्यासमोर बसावं लागलं असतं. आणि बसलो असतो... तर उठलो नसतो."

"मी थकलेय, कॉर्डेल," मी म्हणाले. "मुलांना सांगते, माणसं जातात, आपण सावरतो. मला नाही सावरता येत आता. तू मला आवडतोस, म्हणून मला ते 'लवकरच' नकोय. एक तर ते वाक्य पुरं कर, नाहीतर दिवस सांग."

त्याने डोळे मिटून हिशेब केला. मला ते बरं वाटलं. पटकन बोलणारी माणसं मी पुष्कळ पाहिली होती.

"दर शनिवार म्हणत नाही, ते खोटं होईल. एकाआड एक शनिवार. सकाळी दहाला, तुमच्या पायरीवर. उशीर होणार असेल तर फोन. क्लीव्हलँडचं काम उन्हाळ्यात संपतं. त्यानंतरचं त्यानंतर सांगेन, पण समोर बसून सांगेन."

"आमच्याकडे जोडी किमान वर्षभराची असते."

"वाचलंय मी ते."

"साक्षीदाराने ऐकलं," मिस अर्नेस्टीन म्हणाल्या. "आता कुणीतरी मला उठवा. गुडघे आखडलेत."

ठरलेला पहिला शनिवार आला जानेवारीत. हाडं गोठवणारी थंडी, पण ऊन स्वच्छ. मी पहाटेपासून जागी होते, आणि मी ठरवलं, आपण वाट बघत बसायचं नाही. कोटाची बटणं लावून, कोपऱ्याकडे डोळे लावून बसलेली मुलं मी फार पाहिली आहेत. त्यांच्यातली एक व्हायची माझी तयारी नव्हती. म्हणून मी मुद्दामच रेंगाळले. पाव घेतला, उगाच गल्लीला वळसा घातला, दुकानदाराशी हवेवर बोलले. दहा वाजून गेले तेव्हा कुठे केंद्राकडे वळले.

पायरीवर तो बसला होता. कोटाची सगळी बटणं लावलेली, हात मांड्यांखाली, डोळे कोपऱ्याकडे.

मला बघून तो उठला नाही. "उशीर होणार असेल तर फोन करायचा," तो म्हणाला. "नियम आहे."

"मला वाटलं, तू येणार नाहीस."

"मलाही वाटलं. तू येणार नाहीस." त्याने मांड्यांखालचे हात काढून चोळले. "वाईट असतं गं हे... असं बसणं."

मी त्याच्या शेजारी बसले. दगड बर्फासारखा गार होता. मी पावाची पिशवी पायाशी ठेवली आणि त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. पलीकडे मिस अर्नेस्टीनची खिडकी उघडल्याचा आवाज आला आणि लगेच बंद झाल्याचाही.

मला झोप लागली. डोळे उघडले तेव्हा पायरीवरचं ऊन सरकून समोरच्या घरावर गेलं होतं, त्याचा मफलर माझ्या गळ्यात होता, आणि तो तिथेच होता.