तुंगा कुणाला आपलं म्हणते

आपलेपणाचा कायदा आला आणि पहिल्याच वर्षी मांजरांनी सरकारची फजिती केली. मांजराच्या मेंदूतल्या आपलेपणाच्या पेशी कुठल्याही माणसाला पाहून उजळेनात. घराचा उंबरा दिसला की मात्र लख्ख उजळत. शेवटी नियम करावा लागला की घर विकलं तर मांजर घराबरोबर जाईल, आणि नव्या मालकानं ते निमूटपणे स्वीकारावं. साताऱ्यातला एक कुत्रा तपासणीत पोस्टमनचा निघाला. इचलकरंजीतला एक पोपट पिंजऱ्यासकट शेजाऱ्यांच्या स्वाधीन करावा लागला. लोक हसले, भांडले, कोर्टात गेले, आणि मग या सगळ्याची सवय झाली.

या कायद्याच्या मुळाशी एक छोटासा शोध होता. प्रत्येक सस्तन प्राण्याच्या आणि पुष्कळशा पक्ष्यांच्या मेंदूत, कानाच्या थोडं वर, मोहरीएवढा एक पुंजका असतो. 'हे माझं' असं वाटलं की त्यातल्या पेशी चेततात, एरवी झोपून असतात. शास्त्रज्ञांनी त्यांना स्वकीय-पेशी म्हटलं. त्यांचं चेतणं बाहेरून दाखवणारी एक पट्टी तयार झाली. तिचं शास्त्रीय नाव चांगलं लांबलचक होतं, पण ती जनावराच्या कपाळावर बांधतात म्हणून कोल्हापुरात तिला सगळे मुंडावळच म्हणू लागले. जनावर कुणाचं, हे कागदावरून किंवा दाव्यावरून ठरवण्यापेक्षा जनावरालाच विचारावं, एवढा साधा विचार कायद्यामागे होता. मला अजूनही तो विचार माणसानं केलेल्या मोजक्या थोर विचारांपैकी एक वाटतो. तो आपल्याला कुठवर घेऊन जाईल हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं.

इराक्का गवळीच्या तुंगा या म्हशीची तपासणी पंचगंगेकाठच्या मैदानावर ठेवली होती. नवरा गुरुपाद वारल्यापासून गोठा इराक्काच सांभाळत होती. धाकटा दीर चनबसू सात-आठ वर्षं बेळगावात होता. तो परत आला तो तुंगावर हक्क सांगतच. गोठा दोघा भावांचा, तेव्हा गोठ्यातली सगळ्यात देखणी म्हैस आपली, असं त्याचं म्हणणं. त्यातून आणखी एक टांगती तलवार होती. तुंगाच्या पेशी दोघांपैकी कुणासाठीच उजळल्या नाहीत, तर कायद्यानं तिला नदीपलीकडच्या अभयकुरणात सोडायचं होतं. तिथं जनावरं मोकळी राहतात आणि माणसांना मज्जाव असतो. म्हणजे इराक्काला ती पुन्हा दिसलीही नसती.

"काय व्हतंय वैनी, बगूया की आता," चनबसू म्हणाला. "भावाची फटफटी आणलीया मी. तिच्या आवाजामागं पळतीया का न्हाई ते समद्या गावाला म्हाईत हाय."

"पळंल की," इराक्का म्हणाली. "फटफटीवर कोण बसलंय ते बी बगंल."

हे फटफटीचं बाहेरच्यांना सांगायला हवं. दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात म्हशी पळवतात. शिंगं रंगवून, गळ्यात घुंगरं आणि डोक्यावर मोरपिसांचे तुरे बांधून म्हैस रस्त्यावर आणायची. मालकानं सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकलवर बसून सुसाट पुढं जायचं, आणि म्हशीनं हजारो माणसांच्या गर्दीतून फक्त त्याच्याच मागं धावायचं. ना दोरी, ना काठी. गाड्या विजेवर चालू लागल्या, रस्त्यांवरचा आवाज गेला, तरी पाडव्यासाठी पेट्रोलच्या दोन-चार जुन्या गाड्या पेठेनं खास परवानगी काढून जपून ठेवल्या. म्हैस मालकामागं पळते यात मालकाची शान. गुरुपादनंतर इराक्का स्वतः लुगड्याचा काचा मारून त्या गाडीवर बसली, तेव्हा सगळी पेठ टाळ्या वाजवत उभी राहिली होती.

तपासणीलाही तशीच गर्दी लोटली. दूधकट्ट्यावर रोज पहाटे भेटणारी मंडळी मैदानाच्या पायऱ्यांवर दाटीवाटीनं बसली. समोर धार काढायची आणि फेसासकट पेला तोंडाला लावायचा, ही कोल्हापुरी चाल अजून मोडलेली नाही. कुस्तीगीर, शिक्षिका, रिक्षावाले, सराफ, सगळे तुंगासाठी जीव टांगणीला लावून आले होते. टेबलामागं जीव-न्यायाधिकारी शहाजी इंगवले बसले. पट्टी बांधायला पुण्याहून डॉ. अन्विता गुंजीकर आल्या होत्या.

"डॉक्टरबाई, हिला दुखणार न्हाई न्हवं?" इराक्कानं विचारलं.

"अजिबात नाही, इराक्का. पट्टी नुसती बघते, आत काही करत नाही. ही नवीन आहे. जुन्या पट्टीवर फक्त उजेड दिसायचा, हिच्यावर दोन रंग दिसतात."

"दोन कशाला?"

"आपलेपण दोन तऱ्हेचं असतं म्हणून. ज्याच्या मागं आपण जावं, तो एक आपला. तो केशरी दिसतो. कुत्र्याला मालक दिसला की केशरी, कळपाला म्होरक्या दिसला की केशरी. आणि ज्याला आपण जपावं, मागं फिरवून आणावं, तोही आपलाच. तो हिरवा."

"मग माजा केशरी," इराक्का ठामपणे म्हणाली. "धा वर्सं सांभाळलंया मी तिला."

आधी चनबसूची पाळी झाली. गाडी फटाफटा वाजू लागली तशी तुंगानं मान वर केली. आवाज ओळखीचा होता. ती चार पावलं दुडकीत गेली, वारा हुंगला आणि थांबली. पट्टीला जोडलेला पडदा काळाच राहिला. चनबसूनं दोन चकरा मारल्या, हाका मारल्या, शेवटी गाडी बंद करून तो मान खाली घालून बाजूला उभा राहिला. कोण कशाला हसेल? भावाच्या गाडीवर बसून भाऊ होता येत नाही, हे त्याला भर मैदानात कळलं होतं, आणि ते पाहताना वाईटच वाटत होतं.

मग इराक्का बसली. गाडी सुरू झाली आणि तुंगानं जो हंबरडा फोडला त्यानं पायऱ्यांवरची माणसं उभी राहिली. मैदान हादरवत ती धावली, मान पुढं ताणून, घुंगरांचा नुसता कल्लोळ. मोठ्या पडद्यावर तिच्या मेंदूचं चित्र उघडं होतं. त्या काळोखात आधी एक ठिपका, मग दहा, मग मोहरीएवढा सगळा पुंजका पेटला. एक जीव दुसऱ्या जिवाला 'माझं' म्हणतो ते क्षण माणसांनी कितीदा गायले असतील, पण डोळ्यांनी पाहणं निराळं. टाळ्या वाजवायला उचललेले हात तसेच राहिले.

पडदा हिरवागार झाला होता.

डॉ. गुंजीकरांनी पट्टीच्या जोडण्या पुन्हा तपासल्या. इराक्काला आणखी एक चक्कर मारायला लावली. हिरवा तो हिरवाच. केशरी रंगाचा एक ठिपकाही नाही. त्या इराक्काजवळ गेल्या तेव्हा त्यांचा आवाज बदललेला होता.

"इराक्का, ती तुमच्या मागं येत नाहीये. ती तुम्हाला परत आणायला धावते आहे."

"म्हंजी?"

"रेडकू उधळलं की म्हैस कशी धावते? तशी. तुम्ही तिचं रेडकू आहात."

"आवो, साठीची बाई मी! रेडकू कसली?"

"वय तिला कळत नाही, वास कळतो. म्हैस रेडकाला ओळखते ती त्याच्या अंगाच्या वासावरून. आणि त्या वासात तिचंच दूध असतं, रेडकाच्या पोटातून जाऊन त्याच्या कातडीवर उतरलेलं. तुम्ही तिचं कच्चं दूध किती वर्षं पिताय?"

"ती पयल्यांदा व्याली तवापास्नं. रोज."

"मग ती खूण तुमच्या घामात उतरली. चनबसूंच्या अंगाला ती नाही. ते इथं नव्हतेच."

इतकी वर्षं पाडव्याला कोल्हापूर छाती फुगवून रस्त्याच्या कडेला उभं राहत होतं. बघा, म्हैस कशी मालकामागं पळते! आणि इतकी वर्षं त्या बिचाऱ्या म्हशी भेदरून धावत होत्या, की हे खुळं लेकरू एवढ्या गर्दीतून कर्कश ओरडत कुठं निघालंय, चाकाखाली सापडेल, त्याला गाठायला हवं. मुंडावळीच्या हिरव्या उजेडात ही गोष्ट अचानक इतकी स्वच्छ दिसली की पायऱ्यांवरच्या कित्येकांनी डोळे पुसले. आपण ज्याला मिरवणूक समजलो तो एका आईचा आकांत होता.

इंगवले साहेबांपुढं मात्र निराळाच पेच होता. कायदा करणाऱ्यांनी मोठ्या उदारपणे त्यात माणूस आणि जनावर असा भेद ठेवलाच नव्हता. सगळीकडे 'जीव' असाच शब्द होता. त्यांनी कलम दोनदा वाचलं आणि घसा साफ केला.

"जो जीव दुसऱ्याला आपलं म्हणून जपेल तो पालक, आणि ज्याला जपेल तो पाल्य. पाल्यानं कुठं राहायचं हे पालक ठरवील. दूधपित्या पाल्याला पालकापासून तोडता येणार नाही. पाल्याची इच्छा विचारात घेतली जाणार नाही." ते थांबले. "म्हणजे इथं पालक तुंगा. पाल्य इराक्का गुरुपाद गवळी."

"आता काय गोठा बी म्हशीच्या नावावर करणार काय, साहेब?" चनबसूनं विचारलं.

"गोठ्याचं नंतर बघू. आधी पालकानं ठरवायचं, राहायचं कुठं ते. मैदानाचे दोन्ही दरवाजे उघडा."

एक दरवाजा शहराकडं उघडत होता, गोठ्याच्या रस्त्यावर. दुसरा नदीकडं, उताराकडं. त्यापलीकडं अभयकुरण होतं, उंच गवत आणि शांत डोह. इराक्कानं पदराचं टोक दातांत धरलं. तुंगा कुरणाकडं गेली तर सगळं संपलं, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

तुंगा मैदानाच्या मधोमध उभी राहिली. तिनं शहराकडचा वारा घेतला. मग ती वळली आणि सावकाश नदीच्या दरवाजातून खाली उतरली. पाण्याशी पोचल्यावर थांबली, मागं वळून पाहिलं आणि हंबरली. मघासारखी मोठ्यानं नव्हे. खालच्या सुरात, नाकातून, रेडकाला जवळ बोलावताना म्हशी हंबरतात तशी. पडदा पुन्हा हिरवा झाला.

"ती तुम्हाला बोलावते आहे," डॉ. गुंजीकर हलक्या आवाजात म्हणाल्या.

"कायद्यानं तुम्हाला जावं लागेल, इराक्का," इंगवले म्हणाले. त्यांना स्वतःलाच ते वाक्य विचित्र वाटलं असावं. "म्हणजे, तुमची हरकत असेल तर अपील करता येईल. पण निकाल लागेपर्यंत..."

इराक्का त्यांचं ऐकतच नव्हती. "माजी आई मी पाळण्यात असताना गेली," ती म्हणाली. "मला कुनी असं बोलीवल्यालं ठावं न्हाई. मी आपली समजतोय, मी हिला पाळतोय, हिला वैरण घालतोय. आन ही..." तिनं चपला काढल्या.

"वैनी, आवो घर? दार?" चनबसू घाबरून मागं धावला.

"तुमी बगा, भाऊजी. पोरीला फोन करून सांगा, आई तिच्या आईकडं गेलीया."

साठीची ती बाई उतार उतरून गेली. तुंगानं तिला हुंगलं, आणि आपल्या खरखरीत जिभेनं तिचा खांदा, मान, पिकलेले केस सावकाश चाटले. पायऱ्यांवर एक हुंदका ऐकू आला. मी अनेक शोधांच्या कथा लिहिल्या आहेत, पण विज्ञानानं माणसाला इतकं लहान आणि इतकं लाडकं करून दाखवल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

सगळ्यांना वाटलं, आता दोघी पाण्यात शिरतील. पण तुंगा हलली नाही. तिनं मान उचलून पुन्हा मैदानाकडं पाहिलं. वारा पायऱ्यांवरून नदीकडं वाहत होता. तिच्या नाकपुड्या फुलल्या आणि ती पुन्हा त्याच खालच्या सुरात हंबरली.

पडद्यावर नवा हिरवा ठिपका उमटला. त्याच्याशेजारी आणखी एक. बघता बघता इतके उमटले की मोजता येईनात.

"आता कुणाला बोलावतेय ही?" नीट दिसावं म्हणून इंगवले साहेब खुर्चीवरून उठले. ते उठले तसा पडद्याच्या कडेचा एक ठिपका ठळक झाला.

डॉ. गुंजीकरांनी पडद्याकडं पाहिलं, मग पायऱ्यांवरच्या माणसांकडं, आणि शेवटी साहेबांकडं. जणू माणसागणिक एकेक ठिपका होता. खालून, पाण्याच्या कडेवरून, इराक्काचाच आवाज आला.

"साहेब, फिरून येताना रोज पाटंला कट्ट्यावर पेला रिकामा करतायसा न्हवं? कुटल्या म्हशीचं, ते तुमी कदी इचारलं न्हाईसा!"

इंगवले साहेबांनी टेबलाची कड धरली. पाल्याची इच्छा विचारात घेतली जाणार नाही, हे वाक्य त्यांनी नोकरीत शेकडो बैल, घोडे आणि हत्तींना वाचून दाखवलं होतं. त्यातल्या कुणीच कधी उलटून बोललं नव्हतं.

"डॉक्टर," ते हळूच म्हणाले, "मला जावं लागेल का हो?"

तेवढ्यात तुंगानं तिसऱ्यांदा हाक दिली, आणि पायऱ्यांवर बसलेली माणसं एकेक करून उठू लागली.